डेटास्टोअर भरला आणि माझी शिकवण्याची पद्धत बदलली
नव्या अ‍ॅडमिनना व्हर्च्युअलायझेशन (एकाच सर्व्हरवर अनेक आभासी संगणक, म्हणजे व्हीएम, चालवणं) शिकवताना मी आधी स्लाइड दाखवायचो. स्नॅपशॉट (व्हीएमची त्या क्षणाची जपून ठेवलेली स्थिती) म्हणजे बॅकअप नव्हे, हे कितीदा तरी सांगितलं. तरी एके सकाळी चार व्हीएम एकदम थांबल्या. डेटास्टोअर, म्हणजे व्हीएमच्या डिस्क जिथे ठेवतात ती जागा, शंभर टक्के भरलेला! पॅच टाकण्याआधी घेतलेला स्नॅपशॉट तीन आठवडे तसाच राहिला होता आणि त्याची डेल्टा फाइल (स्नॅपशॉटनंतरचे बदल जिच्यात लिहिले जातात ती) जवळजवळ मूळ डिस्कएवढी फुगली होती.

ती फाइल थेट उडवायला एकाचा हात गेलाच होता. मी थांबवलं. तीन आठवड्यांत डिस्कवर लिहिलेलं सगळं त्याच फाइलमध्ये होतं. आधी एक बंद व्हीएम दुसऱ्या डेटास्टोअरवर हलवून जागा केली, मग स्नॅपशॉट मॅनेजरमधूनच डिलीट दिलं. डेल्टा मूळ डिस्कमध्ये मिसळायला काही तास गेले.

त्यानंतर लॅब उभारली: नेस्टेड ईएसएक्सआय (व्हीएम चालवणारं व्हीएमवेअरचं सॉफ्टवेअर, तेही एका व्हीएमच्या आत) आणि मुद्दाम छोटा ठेवलेला डेटास्टोअर. प्रत्येकाने स्नॅपशॉट घ्यायचा, आत फाइली कॉपी करत राहायच्या, डेल्टा वाढताना बघायची आणि व्हीएम थांबली की स्वतः सोडवायचं. एकच स्नॅपशॉट ७२ तासांहून जास्त ठेवू नये, ही व्हीएमवेअरची सूचना आता पाठ करून घ्यावी लागत नाही. जुन्या स्नॅपशॉटची यादी मुलं रोज सकाळी आपणहून काढतात.