आवडता टोन शोधायचा तर सुरुवात पेडलपासून नको, हातापासून करा

एसी/डीसी या बँडचं १९८० सालचं 'बॅक इन ब्लॅक' ऐकून मला बरीच वर्षं वाटायचं, की गिटारचा एवढा दणका भरपूर डिस्टॉर्शनशिवाय (म्हणजे आवाज मुद्दाम फाटवल्याशिवाय) निघणारच नाही. म्हणून ॲम्पचा गेन (आवाज किती फाटायचा ते ठरवणारा नॉब) आठवर आणि त्याच्या आधी एक डिस्टॉर्शन पेडल, असं माझं ठरलेलं असायचं. एकटीने वाजवताना ते झकास वाटायचं. तालमीला ड्रम आणि बेस सुरू झाले, की माझी गिटार गायब. आवाज वाढवला तर गोंगाट वाढायचा, सूर काही पुढे यायचा नाही. एकदा आमच्या ड्रमरने स्टिक्स मांडीवर ठेवल्या आणि म्हणाला, "तुझा हात हलताना दिसतोय, पण ऐकू काहीच येत नाहीये."

मी पेडल काढलं. गेन आठवरून चारवर आणला, मिड (मधल्या स्वरांचा नॉब) सातवर नेला आणि प्लेक्ट्रम (तारा छेडायची पात) घट्ट धरून सगळ्या मनगटानिशी पहिला कॉर्ड वाजवला. प्रत्येक तार वेगवेगळी ऐकू आली. त्या दिवसापासून मी टोन शोधायचा क्रमच उलटा केला: आधी हात, मग गिटारवरचे नॉब, मग ॲम्प आणि अगदी शेवटी पेडल. पुढचं सगळं त्याच क्रमाने सांगते.

आधी हे, की कमी गेनने आवाज मोठा कसा वाटतो. डिस्टॉर्शन जितकं जास्त, तितका हळू आणि जोरात वाजवण्यातला फरक पुसला जातो, आणि तारेवर प्लेक्ट्रम बसतो तेव्हाचा पहिला 'टक्' बोथट होतो. ड्रमच्या गदारोळात कानाला गिटार सापडते ती त्या 'टक्'मुळे. दुसरं म्हणजे, दोन स्वर एकत्र डिस्टॉर्ट झाले की त्यांच्या मिश्रणातून नवे स्वर तयार होतात. मूळ स्वर आणि पंचम असेल तर ते नवे स्वर त्यांच्यात बेमालूम बसतात, म्हणून पॉवर कॉर्ड भरदार लागतो. त्यातच गांधार घातला की सगळं गढूळ होतं. पूर्ण कॉर्ड वाजवायचे असतील तर गेन खाली आणण्याला पर्याय नाही. एसी/डीसीच्या अँगस यंगची गिब्सन एसजी आणि मार्शल ॲम्प यांच्यात गेन आपल्याला वाटतो त्यापेक्षा कितीतरी कमी आहे. त्याचा भाऊ माल्कम तर जवळजवळ स्वच्छ आवाजात वाजवायचा. त्याच्या ग्रेच गिटारवरचे बाकीचे पिकअप (तारांचा आवाज टिपणारे चुंबक) काढून टाकलेले होते, फक्त ब्रिजजवळचा, म्हणजे तारा गिटारच्या अंगावर टेकतात तिथला, उरला होता, आणि तारा जाड. आपण जो दणका म्हणतो तो या दोघांचा एकत्र आहे, एक डाव्या कानात, एक उजव्या. रेकॉर्डिंग करताना तोच भाग दोनदा वाजवा, दोन्ही वेळा गेन थोडा कमी ठेवा आणि एक टेक पूर्ण डावीकडे, दुसरा पूर्ण उजवीकडे टाका. एकच टेक कॉपी करून दोन्हीकडे टाकलात तर काही उपयोग नाही, आवाज मधेच बसेल. दोन वेळा वाजवताना जो केसभर फरक पडतो, रुंदी त्याच्यातूनच येते.

आता हात. ॲम्प एकदम स्वच्छ ठेवा, रिव्हर्बसुद्धा (घुमारा) नको. तिसऱ्या तारेवर सातव्या फ्रेटचा एकच स्वर घ्या आणि तो जितक्या प्रकारे वाजवता येईल तितक्या प्रकारे वाजवा. ब्रिजच्या अगदी जवळ, मग नेककडे सरकत. प्लेक्ट्रम सपाट, मग तिरका. मग प्लेक्ट्रम बाजूला ठेवून अंगठ्याने. हे सगळे वेगवेगळे टोन आहेत आणि एकाही नॉबला हात लागलेला नाही. डायर स्ट्रेट्सच्या मार्क नॉप्लरचा १९७८ सालच्या 'सुलतान्स ऑफ स्विंग'मधला आवाज असाच आहे: स्ट्रॅटोकॅस्टर, दोन पिकअपच्या मधली जागा आणि प्लेक्ट्रमऐवजी अंगठा व बोटं. बोट तारेखाली घालून ती किंचित उचलून सोडली, की ती फ्रेटवर आपटते आणि तो 'चट्' आवाज येतो. (सुरुवातीच्या स्ट्रॅटला तीनच जागांचा स्विच असायचा, वादक तो दोन जागांच्या मधे अडकवून ठेवत. आता पाच जागांचा येतो, त्यात दुसरी किंवा चौथी जागा घ्या.) क्वीनचा ब्रायन मे प्लेक्ट्रमऐवजी सहा पेन्सचं जुनं नाणं वापरतो, कडेला खाचा असलेलं. यू२चा द एज प्लेक्ट्रम असा फिरवून धरतो, की पकडीसाठी असलेली खडबडीत बाजू तारेवर घासते. दोघांच्या आवाजात सुरुवातीला जी बारीक खरखर येते ती इथून येते. ती आणणारं पेडल मला अजून सापडलेलं नाही.

तारांच्या जाडीबद्दल लोक फार हट्टाने बोलतात. स्टीव्ही रे वॉन पहिली तार ०.०१३ इंचाची लावायचा आणि गिटार अर्धा स्वर खाली उतरवायचा. ब्लॅक सॅबथच्या टोनी आयोमीची गोष्ट याच्या नेमकी उलटी. सतराव्या वर्षी पत्र्याच्या कारखान्यात त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं तुटली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात तोच. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, त्यावर चामडं चिकटवलं आणि दाबायला हलक्या पडाव्यात म्हणून बँजोच्या बारीक तारा लावल्या. १९७१च्या 'मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी'मध्ये तर त्याने काही गाण्यांसाठी गिटार तीन अर्धस्वर खाली उतरवली, तारा आणखी सैल झाल्या, आणि हेवी मेटलचा तो अवजड आवाज तिथे पक्का झाला. तेव्हा जाड तारा म्हणजेच मोठा टोन, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. ज्या तारेवर तुमचं व्हायब्रॅटो (स्वर हलवणं) तुमच्या ताब्यात राहतं ती तार लावा.

हातातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मात्र बेंड (तार ढकलून स्वर चढवणं), आणि त्यासाठी पिंक फ्लॉइडच्या डेव्हिड गिलमोरकडेच जायला हवं. १९७९च्या 'द वॉल'मध्ये त्याचे दोन सोलो घ्या. 'कम्फर्टेबली नम्ब'मधला शेवटचा सोलो स्ट्रॅट, बिग मफ फझ पेडल आणि हायवॉट ॲम्पचा. 'अनदर ब्रिक इन द वॉल'च्या दुसऱ्या भागातला सोलो पी-९० पिकअप असलेल्या सोनेरी लेस पॉलचा, आणि तो आधी थेट रेकॉर्डिंगच्या कन्सोलला जोडून रेकॉर्ड झाला, ॲम्पमधून नंतर काढला. गिटार वेगळी, पिकअप वेगळे, साखळी वेगळी, तरी तिसऱ्या स्वराला कळतं की हा गिलमोर. तो स्वरापर्यंत घाई न करता चढतो, तिथे नेमका पोचतो, क्षणभर थांबतो आणि मगच व्हायब्रॅटो सुरू करतो. आपण बहुतेक जण पोचायच्या आधीच हलवायला लागतो. सराव असा करा: दुसऱ्या तारेवर दहावा फ्रेट वाजवून तो स्वर कानात ठेवा. मग आठव्या फ्रेटवर अनामिका ठेवून, मागे मधलं बोट आणि तर्जनी आधाराला देऊन, तार वर ढकलत त्याच स्वरापर्यंत न्या. सतारीवरची मींड ज्यांनी ऐकली आहे त्यांना मी काय म्हणते ते लगेच समजेल. तिथे पोचल्यावर दोन ठोके काहीच करू नका. मग मनगटातून हलवा, बोटातून नाही. फोनवर रेकॉर्ड करून ऐका, स्वर कमी पडतोय की नाही ते लगेच कळतं. माझा बहुतेक वेळा कमीच पडायचा.

यानंतर गिटारवरचे नॉब. माझ्याकडे शिकणारी एक मुलगी दोन वर्षं वाजवत होती आणि तिच्या गिटारचे सगळे नॉब कायम दहावर. मी तिला म्हटलं, "करंगळी व्हॉल्यूमच्या नॉबवर ठेव आणि वाजवता वाजवता सहावर आण." ॲम्प खरखरीत लावलेला होता. तिने नॉब फिरवला आणि खरखर वितळून मागे घंटेसारखा स्वच्छ आवाज उरला. ती थांबून म्हणाली, "ताई, हे गिटारमध्येच होतं?" होतं. हेंड्रिक्सने यावरच सगळं उभं केलं: मार्शल चढवलेला, फझ फेस पेडल चालू, आणि नाजूक भाग आला की गिटारचा व्हॉल्यूम खाली. काही गिटारवर व्हॉल्यूम कमी केला की आवाज झाकल्यासारखा होतो. तसं असेल तर जाणकाराकडून व्हॉल्यूमच्या पॉटवर (नॉबखालच्या भागावर) एक छोटा कपॅसिटर लावून घ्या, वरचे स्वर टिकून राहतात.

टोनच्या नॉबला तर कुणी हातच लावत नाही. एरिक क्लॅप्टनने क्रीम बँडच्या काळात, १९६७च्या सुमारास, ज्याला 'वुमन टोन' म्हणतात तो याच नॉबवर काढला. हंबकर (दुहेरी गुंडाळीचा पिकअप) असलेली गिटार, टोनचा नॉब शून्याजवळ, व्हॉल्यूम पूर्ण आणि ॲम्प भरपूर चढवलेला. स्वच्छ ॲम्पवर हाच प्रयोग केलात तर नुसता घोंगडीखालचा आवाज येईल. ॲम्प तापलेला असला की त्याचं डिस्टॉर्शन वरचे स्वर पुन्हा तयार करतं, आणि गिटार गाणाऱ्या गळ्यासारखी वाटायला लागते.

ॲम्पबद्दल एकच गोष्ट जीव तोडून सांगायची आहे: मिड कमी करू नका. हळू आवाजात आपल्या कानाला खालचे आणि अगदी वरचे स्वर कमी ऐकू येतात. म्हणून घरी आपण बेस आणि ट्रेबल वाढवतो, मिड पाडतो आणि खूश होतो. तीच सेटिंग्ज तालमीत मोठ्या आवाजात घुमतात आणि टोचतात. शिवाय गिटारची खरी जागा मधल्या स्वरांतच आहे, खाली बेस बसलाय आणि वर झांजा. तेव्हा सेटिंग बँडबरोबर आणि वाजवायच्या आवाजातच करा. आणि ॲम्प जमिनीवर ठेवून त्याच्यासमोर उभ्याने ऐकू नका. स्पीकरचे वरचे स्वर सरळ रेषेत जातात, ते तुमच्या गुडघ्यांना लागतात आणि पुढे बसलेल्यांच्या कानात खुपतात. ॲम्प तिरका करा किंवा खाली बसून ऐका.

जुन्या करामतींच्या गोष्टी ऐकायला छान आहेत. किंक्सच्या डेव्ह डेव्हिसने १९६४ साली स्पीकरचा कागद ब्लेडने कापला, व्हॅन हेलनने व्हेरिअ‍ॅक लावून मार्शलचं व्होल्टेज खाली आणलं. यातलं काहीही आपल्या ॲम्पवर करू नका. व्हॉल्व्ह ॲम्पच्या आत बंद केल्यावरही जीवघेणं व्होल्टेज साठलेलं असतं.

राहिली पेडल. फझ फेसच्या जातीचं फझ सगळ्यात पहिलं ठेवा, थेट गिटारनंतर. त्याच्या आधी बफर (सिग्नल सांभाळणारं सर्किट) असलेलं पेडल आलं, की गिटारच्या व्हॉल्यूमने ते स्वच्छ होण्याची गंमत निघून जाते. बिग मफमध्ये मधले स्वर मुळातच खाली असतात. गिलमोरचे हायवॉट मोठ्या आवाजातही स्वच्छ राहणारे, मिड भरपूर असलेले, म्हणून तिथे ते शोभतं. तुमच्या ॲम्पचं मिड कमी असेल तर मफनंतर एक सौम्य ओव्हरड्राइव्ह लावा, त्याचा गेन जवळजवळ शून्य आणि लेव्हल वर. सोलो एकदम पुढे येतो.

द एजचा डिले (स्वराचा प्रतिध्वनी) हवा असेल तर थोडं गणित करावं लागतं. ६०,००० ला गाण्याच्या बीपीएमने (मिनिटाला किती ठोके) भागा, एका ठोक्याचे मिलिसेकंद मिळतात. त्याचे तीन चतुर्थांश घ्या. १२० बीपीएमला एक ठोका ५०० मिलिसेकंदांचा, म्हणून डिले ३७५. पुनरावृत्ती दोन-तीन, आणि डिलेचा आवाज मूळ स्वराच्या जवळपास. मग ठोक्याला दोन असे साधे, एकसारखे स्वर वाजवा. मधल्या रिकाम्या जागा डिले भरतो. इथे ताल सांभाळणं फार गरजेचं, जरा मागेपुढे झालात की सगळी जाळी विस्कटते. मी मेट्रोनोमशिवाय हे वाजवत नाही.

रेकॉर्डिंग करत असाल तर ईक्यूच्या (स्वर कमी-जास्त करण्याच्या) आधी मायक्रोफोन हलवून पाहा. स्पीकरच्या मध्यावर आवाज धारदार, कडेकडे मऊ, आणि एका इंचाने चित्र बदलतं. १९८५च्या 'मनी फॉर नथिंग'मधला नॉप्लरचा तो नाकातून आल्यासारखा आवाज मायक्रोफोन वेडेवाकडे राहिल्यामुळे मिळाला होता. एक तर जमिनीकडे तोंड करून होता.

आणि जमलेला टोन लगेच लिहून ठेवा. नॉबचा फोटो पुरत नाही, हाताने काय केलं तेही लिहा. माझ्या वहीतली कालची नोंद अशी आहे: "नेक पिकअप, व्हॉल्यूम ८, टोन ३. ॲम्प: गेन ५, बेस ४, मिड ७, ट्रेबल ५. पेडल नाही. अंगठ्याने, नेकच्या शेवटच्या फ्रेटवर. दुसऱ्या तारेचा बेंड अजून कमी पडतोय."