पॉइंट जमले, पण पेशंटचं बीपी उतरलं का? तालुक्यातल्या डॉक्टरांनी शिकत कसं राहायचं

एमएमसीचं (महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल) डॉक्टरकीचं रजिस्ट्रेशन रिन्यू करायला ५ वर्षांत ३० क्रेडिट पॉइंट लागतात, म्हणजे शिकत राहिल्याचे गुण, ते आपण कसेतरी जमवतोच. एक रविवार घालवून सिंधुदुर्गातून कोल्हापूर गाठायचं, एसी हॉल, नव्या गोळीवर ढीगभर स्लाइड, जेवण झकास, सर्टिफिकेट घेऊन घाट उतरून परत. सोमवारी ओपीडीत तीच आजी, तेच १६० बाय १००, आणि आपण लिहितो रिपीट ऑल, म्हणजे त्याच गोळ्या परत. मीपण कितीतरी वर्षं हेच केलंय म्हणून बोलतोय.

मग आम्ही सहा जणांनी, दोघे पीएचसीवाले (सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रातले) बाकी प्रायव्हेट, महिन्यातून एकदा दुपारी दीड तास बसायला सुरुवात केली. ते कसं जमवायचं ते सांगतो, गणपती आणि शिमगा सोडून कुठलाही महिना धरा, त्या दोन्ही वेळेला कोणी फिरकत नाही.

पहिली गोष्ट, विषय पुस्तकातून काढू नका, रजिस्टरमधून काढा. बीपीचे शेवटचे वीस पेशंट घ्या आणि किती जणांचं शेवटचं रीडिंग १४०/९० च्या खाली आहे ते मोजा. माझे निम्मेसुद्धा निघाले नाहीत, आणि मी स्वतःला बरा डॉक्टर समजत होतो! हाच आकडा तीन महिन्यांनी परत काढायचा, बाकी कुठली परीक्षा नको.

पहिल्या बैठकीत फक्त बीपी मोजणं. हसू नका. प्रत्येकाने आपलं मशीन आणायचं आणि एकमेकांचं मोजायचं. आमच्याकडे दोन मशीनं चुकीची निघाली आणि एकाचा कफ जाड दंडाला तोकडा, तोकड्या कफाने रीडिंग वर जातं. पेशंट घाटी (चढणीची वाट) चढून धापा टाकत आला की लगेच कफ बांधायचा नाही, पाच मिनिटं बसवायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात छातीच्या लेव्हलला, गप्पा बंद, आणि अर्ध्या तासात चहा-तंबाखू झालाय का ते विचारायचं (बायकांना मिश्रीचं, म्हणजे दातांना लावायच्या भाजलेल्या तंबाखूचं, वेगळं विचारा, तिला त्या तंबाखूत धरतच नाहीत).

दुसरी बैठक गोळ्यांवर. भारतात हायपरटेन्शन कंट्रोल इनिशिएटिव्ह, म्हणजे बीपी आटोक्यात ठेवायचा सरकारी कार्यक्रम, २०१७ मध्ये सुरू झाला तेव्हा महाराष्ट्रातल्या पहिल्या चार जिल्ह्यांत आपलं सिंधुदुर्ग होतं, म्हणजे धडा घरातलाच आहे. त्यातली कल्पना साधी, मोजक्या गोळ्या, ठरलेल्या पायऱ्या, महिन्याने रीडिंग खाली नाही तर पुढची पायरी. या पायऱ्यांचा, म्हणजे प्रोटोकॉलचा, कागद टेबलाच्या काचेखाली ठेवा. आपलं घोडं अडतं ते ज्ञानावर नाही, ‘बघू पुढच्या महिन्यात’ यावर. आणि पेशंटचं ‘आता बरा वाटता, मगे गोळी कित्याक?’ याला काय उत्तर द्यायचं ते आपापसात म्हणून बघा, खरंच, एकाने आजी व्हायचं एकाने डॉक्टर.

याच बैठकीत पेनकिलरचा विषय काढा. भातलावणीच्या दिवसांत कंबर धरलेली माणसं येतात, आपण डायक्लो ही पेनकिलर देतो, आणि त्याच माणसाला बीपीची टेल्मिसार्टन आणि पाण्याची (लघवी वाढवणारी) गोळी चालू असते, तिन्ही मिळून किडनीला धक्का बसतो आणि बीपी पण चढतं. मिठाचंही तसंच, नुसतं ‘मीठ कमी करा’ सांगून काही होत नाही. पावसात ताजी मासळी बंद होते आणि ताटात सुकट, खारा बांगडा, लोणचं, आगळ (कोकमाचा खारा रस) येतं, तेव्हा ताटात काय आहे ते विचारा आणि खारं भिजत घालून ते पाणी ओतून द्यायला सांगा.

शुगरला दोन बैठका द्या. एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी) ६.५ किंवा त्याच्या वर म्हणजे डायबेटीस हे सगळ्यांना पाठ आहे, पण आयर्न कमी असलेल्या बाईत तो आकडा फसवा येतो हे विसरतो. मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी ईजीएफआर (किडनी किती काम करते तो आकडा) ३० च्या खाली बंद, ४५ च्या खाली नव्याने सुरू नको, आणि वर्षानुवर्षं चालू असेल तर बी-१२ बघा. उपासाला शुगर उतरवणारी ग्लिमेपिराइड घेऊन कोण बेशुद्ध पडलं ती केस आणा. पायाला स्पर्श कळतो का ते तपासायला १० ग्रॅमचा मोनोफिलामेंट (नायलॉनचा बारीक धागा) वर्गणी काढून घ्या, चिखलात अनवाणी उभ्या राहणाऱ्याला जखम झालेली कळतच नाही.

प्रत्येक वेळी एक खरी केस, नाव न घेता, पंधरा मिनिटांत, आणि जिल्ह्यातला एखादा फिजिशियन व्हिडिओ कॉलवर. ही पद्धत अमेरिकेत न्यू मेक्सिकोत २००३ मध्ये हिपॅटायटिस सी साठी सुरू झाली, खेड्यातल्या डॉक्टरने केस मांडायची आणि सगळ्यांनी शिकायचं. जूनमध्ये नेटवर्क जातं, तेव्हा केस आधीच लिहून पाठवा.

त्याच जूनचा एक फायदा पण आहे, १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, एरवी हाताला न लागणारे तांडेल (होडीचे म्होरके) आणि खलाशी घरी असतात, आशाताईंना सांगून त्यांचं बीपी-शुगर तेव्हाच उरकून घ्या.

सीओपीडीची (फुफ्फुसाचा जुनाट दम्यासारखा आजार) बैठक शेवटी ठेवा, चुलीच्या धुराने झालेला पण त्यातच धरा. येताना प्रत्येकाने डेमोचा फवाऱ्याचा इनहेलर (एमडीआय) आणायचा आणि सगळ्यांसमोर घेऊन दाखवायचा, हळू ओढून दहा सेकंद श्वास धरून. आमच्या सहापैकी दोघांनाच नीट जमला, त्यात मी नव्हतो.