घरच्या वर्कशॉपचा विमा: कोणती पॉलिसी मागायची?

पार्किंगमध्ये लेथ टाकून बाहेरची कामं घेत असाल, तर ‘भारत गृह रक्षा’वर विसंबू नका. ती राहत्या घरासाठी आहे. धंद्याची यंत्रं तिच्यात बसत नाहीत. 5 कोटींपर्यंतच्या मालमत्तेला ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ लागते.

हप्ता वाचवायला विम्याची रक्कम कमी लावाल, तर दाव्यात फटका बसतो. कमतरता 15 टक्क्यांच्या वर गेली की भरपाई त्याच प्रमाणात कापतात: 10 लाखांच्या यंत्रांना 6 लाखांचाच विमा असेल, तर लाखाच्या नुकसानीला साधारण 60 हजार. घरफोडीचं कव्हर वेगळं मागा, आणि मोटरच्या नेमप्लेटचा सीरियल नंबर दिसेल असा फोटो काढून ठेवा.

हौसेची जीप? तिच्या गाडी-विम्याची मुदत संपून 90 दिवस उलटले की नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, गेलाच.