ओल्ड स्कूल रूनस्केप नव्यानं खेळताय? या चुका टाळा

बीजीएमआय आणि फ्री फायरवर हात बसलेली पोरं ओल्ड स्कूल रूनस्केप (नेटवर अनेकांनी एकाच जगात खेळायचा गेम) उघडतात आणि बरीचशी पहिल्याच संध्याकाळी बंद करतात. "हे काय बे, ग्राफिक्स पाय ना कसे हायेत" हे सुरुवातीचं वाक्य, आणि "मले समजूनच नाही रायलं, करायचं काय" हे शेवटचं. दारव्हा-दिग्रसकडच्या आमच्या गावांत हे कितीदा तरी पाहिलं आहे आणि दर वेळी वाईट वाटतं. साध्या फोनवर, थोड्या डेटात, एक रुपया न भरता वर्षानुवर्षं खेळावा असा हा गेम आहे. लोक ज्या चुकांमुळे तो सोडतात त्या मोजक्याच आहेत, आणि बहुतेकींच्या मुळाशी घाई आहे.

ग्राफिक्सचं आधी सांगून टाकतो. रूनस्केप 2001 मध्ये इंग्लंडमध्ये सुरू झाला. पुढे तो इतका बदलला की जुन्या खेळाडूंना जुनाच गेम हवासा वाटू लागला. मग जॅगेक्स कंपनीनं 2007 च्या ऑगस्टमधली जपून ठेवलेली प्रत काढली आणि 2013 मध्ये ती 'ओल्ड स्कूल' नावानं चालू केली. 2018 पासून तो मोबाईलवर आहे. फोनवर आणि कॉम्प्युटरवर एकच आयडी चालते. नवीन काही मोठं घालायचं असलं तर खेळाडूंचं मतदान घेतात. म्हणजे हे दिसणं लोकांनी मागून घेतलेलं आहे, आणि त्यामुळेच तीन-चार वर्षं वापरलेल्या फोनवरही तो अडकत नाही. दिसण्यावरून निकाल देणं ही पहिली चूक.

मॅच शोधत बसणं

इथं लॉबी नाही, वीस मिनिटांची मॅच नाही, शेवटी उरलेला एक विजेता नाही. तुम्हाला एक माणूस मिळतो आणि एक जग मिळतं. ट्युटोरियल आयलंडवर तो माणूस झाड तोडायला, जाळ करायला, झिंगे पकडून भाजायला, तांबं-कथील खणून ब्राँझचा खंजीर घडवायला शिकतो. हे बेट कंटाळा करून धडाधड पार करू नका. पुढं जे काही अडतं त्यातलं अर्धं तिथं दाखवलेलं असतं.

बेटावरून तुम्ही लम्ब्रिज नावाच्या गावात उतरता आणि सगळं एकदम शांत होतं. कोणी सांगत नाही की आता इकडं जा. पोरं बावरतात ती इथंच. खरं म्हणजे गेम इथं सुरू होतो.

बोलणं न वाचता पुढं दाबत जाणं

सगळ्यात मोठी चूक ही. गेम मराठीत नाही, सगळं इंग्रजीत आहे, आणि वाचायचा कंटाळा म्हणून पोरं 'कंटिन्यू' दाबत सुटतात. मग क्वेस्ट (गेममधल्या पात्रानं दिलेलं काम) अर्धी राहते आणि गेमला नावं ठेवली जातात.

लम्ब्रिजच्या किल्ल्यातल्या आचाऱ्याची पहिली क्वेस्ट घ्या. त्याला केकसाठी एक अंडं, बादलीभर दूध आणि भांडंभर पीठ पाहिजे. अंडं कोंबड्यांच्या वाड्यात जमिनीवर पडलेलं सापडतं. दुधासाठी रिकामी बादली घेऊन दुभत्या गाईपाशी जायचं. पिठापाशी मात्र दहातले आठ जण अडकतात. गिरणीजवळच्या शेतातून गहू तोडायचा, शिडीनं अगदी वरच्या मजल्यावर जायचं, गहू वरच्या चाडीत टाकायचा, आणि मग शेजारचा दांडा ओढायचा. हा दांडा ओढायचं राहून जातं. पोरगं खाली येतं, पिठाची पेटी रिकामी, पुन्हा गहू, पुन्हा वर. दांडा ओढला तरी खाली उतरल्यावर हातात रिकामं भांडं लागतं. ते किल्ल्याच्या स्वयंपाकघरातच ठेवलेलं असतं, पण निघताना कोणी उचललेलं नसतं.

हे सगळं बोलण्यात सांगितलेलं आहे. इंग्रजी कच्चं असेल तर क्वेस्टच्या यादीत त्या क्वेस्टच्या नावावर बोट ठेवा, आत्तापर्यंत काय झालं आणि काय उरलं ते तिथं छोट्या वाक्यांत लिहिलेलं असतं. अडलेला शब्द फोनमधल्या भाषांतराच्या ॲपमध्ये टाका. आठवी-नववीच्या पोरांना यातून वाचायची जी सवय लागते ती मी डोळ्यांनी पाहिली आहे, म्हणून हे कळकळीनं सांगतो. आचाऱ्याचं काम झालं की 300 एक्सपी (अनुभवाचे गुण) मिळतात, कुकिंगची लेव्हल एका फटक्यात 1 वरून 4 वर जातं, आणि त्याची शेगडी वापरायला मिळते. त्या शेगडीवर सुरुवातीचं अन्न कमी करपतं.

गाय मारावीच लागते असं समजणं

हे गावाकडच्या घरांत खरंच होतं. कोणीतरी सांगतं, लढाई शिकायची तर लम्ब्रिजच्या कुरणात जा. तिथं जाऊन पाहावं तर सगळे गायी मारून कातडी गोळा करत आहेत. मागून आजी पाहत असते. पोरगं फोन बंद करतं, ते कायमचं.

त्याची काहीच गरज नाही. नदीपलीकडं गॉब्लिन नावाचे बुटके राक्षस आहेत, त्यांच्यावर हात साफ करा. लढायचंच नसेल तर मासेमारी, लाकूडतोड, खाणकाम, लोहारकाम यांतून पैसा आणि लेव्हल दोन्ही येतात. फुकटात 15 स्किल आहेत आणि त्यांतली निम्म्याहून जास्त लढाईशिवायची. कोणतं आधी करायचं ते तुमच्यावर आहे.

"सारखाच मरून रायलो भाऊ"

तुमची लढाईची लेव्हल सुरुवातीला 3 असते आणि जीव, म्हणजे मार सोसायचे गुण, 10. एवढ्या भांडवलावर पोरं लम्ब्रिजहून सरळ रस्त्यानं उत्तरेला व्हॅरॉक शहराकडं निघतात. शहराच्या दक्षिण वेशीअलीकडं दगडांचं एक रिंगण आहे. तिथले काळे जादूगार आपण काही न करता अंगावर येतात. त्यांच्यात लेव्हल 7 चे आहेत आणि लेव्हल 20 चेही. दोन-चार मंत्र बसले की संपलं. अंगावर येणारे प्राणी आपली लेव्हल त्यांच्या दुपटीच्या वर गेली की वाट सोडतात, म्हणजे 7 वाले आपण 15 झाल्यावर आणि 20 वाले 41 झाल्यावर. तोवर रस्ता बदला. लम्ब्रिजचा पूल ओलांडून, गायींच्या कुरणावरून उत्तरेला जा, खाणीपासून वर चढा आणि पूर्वेच्या वेशीनं शहरात शिरा. थोडं लांब पडतं, पण जिवंत पोचता.

सोबत खाणं ठेवा. भाजलेला झिंगा 3 जीव परत देतो, ट्राउट मासा 7. पाच-सहा झिंगे पिशवीत असले तरी सुरुवातीच्या लढायांत पुष्कळ फरक पडतो.

मेलात तरी घाबरून आयडी सोडू नका. साध्या प्राण्याच्या हातून मेलं तर तुमच्याकडच्या सगळ्यात महाग 3 वस्तू सोबत राहतात, बाकीच्या जिथं पडलात तिथल्या थडग्यात 15 मिनिटं थांबतात. तेवढ्यात परत जाऊन घ्या. वेळ टळली तर पैसे भरून सोडवाव्या लागतात. वाइल्डरनेसमध्ये मात्र हा हिशोब चालत नाही. व्हॅरॉकच्या उत्तरेला एक चर आहे, ओलांडताना इशारा येतो. त्यापलीकडं दुसरे खेळाडू तुम्हाला मारू शकतात आणि तुमचा माल त्यांचा होतो. पहिल्या महिन्यात तो चर ओलांडू नका.

माल गावच्या दुकानात विकणं

खणलेलं लोखंड, पकडलेले मासे, सगळं लम्ब्रिजच्या दुकानात ओतून टाकायचं आणि मग "यात पैसाच नाही" म्हणायचं, ही चूक शेतकऱ्याच्या पोरांनी तरी करू नये. कापूस घरून उचलणारी खेडा खरेदी आणि मार्केट यार्ड यांच्या भावात जे अंतर असतं तेच इथं आहे. दुकान किमतीचा थोडासा भाग देतं, आणि एकच माल जितका जास्त द्याल तितका भाव पडत जातो.

व्हॅरॉकच्या वायव्येला ग्रँड एक्स्चेंज आहे. तिथं विकणारा भाव टाकतो, घेणारा भाव टाकतो, जुळलं की सौदा. फुकट खेळणाऱ्याला एकावेळी 3 सौदे लावता येतात. अगदी नव्या आयडीवर काही वस्तूंच्या विक्रीला सुरुवातीला बंधन असतं. ते थोडं खेळून, काही क्वेस्ट केल्यावर सुटतं, तेव्हा "विकत नाही" म्हणून वैतागू नका. तोवर माल बँकेत ठेवा. पिशवीत 28 खणच असतात आणि ती भरली की काम थांबतं, म्हणून बँकेच्या जवळचं झाड, बँकेच्या जवळची खाण निवडायची सवय लावा.

गोड बोलणाऱ्यावर विश्वास ठेवणं

बँकेच्या किंवा एक्स्चेंजच्या आसपास उभं राहिलं की कोणीतरी येतंच. "पैसे दुप्पट करून देतो." आधी हजाराचे दोन हजार करून देतो, मग तुम्ही सगळे दिले की गायब. "तुझ्या चिलखताला सोन्याची किनार लावून देतो." अशी किनार कोणताही खेळाडू लावू शकत नाही, तशी चिलखतं खजिन्याच्या शोधातूनच मिळतात. "चल, तुला पैशाची जागा दाखवतो," आणि बोलता बोलता चर ओलांडलेला असतो. अदलाबदल करताना दोन वेळा पडदा येतो. दुसऱ्या पडद्यावर वस्तू आणि आकडा थांबून वाचा, मगच होकार द्या.

गेमबाहेरची फसवणूक जास्त वाईट. चॅटमध्ये किंवा व्हिडिओखाली फुकट मेंबरशिपची (एरवी पैसे भरून उघडणाऱ्या मोठ्या भागाची) लिंक येते, हुबेहूब दिसणारं पान उघडतं, आयडी-पासवर्ड टाकला की सगळं गेलं. ओटीपी कोणाला सांगू नये हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आपणच शिकवतो, तेच इथं स्वतःला लावा. पहिल्याच दिवशी ऑथेंटिकेटर (लॉगिनला पासवर्डशिवाय आणखी एक कोड मागणारी सोय) चालू करा आणि कोणत्याही बँकरशी बोलून 4 आकडी बँक पिन टाका. मित्राला आयडी वापरायला देऊ नका, मित्र कितीही चांगला असला तरी.

लाईन गेली, रेंज गेली

आपल्याकडचा हा खरा त्रास. वळवाचं वारं सुटलं की लाईन जाते, घरचा वायफाय बंद पडतो, थोड्या वेळानं टॉवरही मान टाकतो. इथं एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: नेट तुटलं म्हणजे तुमचा माणूस लगेच गेममधून निघत नाही. लढाईत असेल तर थोडा वेळ तिथंच उभा राहून मार खातो. म्हणून आभाळ भरून आलं की लढाई सोडा, मासे पकडा, लाकूड तोडा, बँकेत सामान लावा. अशा कामात नेट गेलं तर नुकसान शून्य.

रेंज मंद आहे म्हणून गेम जमणार नाही, हा समज चुकीचा. हा गेम 0.6 सेकंदाच्या ठोक्यावर चालतो. तुम्ही काहीही दाबलं तरी ते पुढच्या ठोक्याला घडतं. नेमबाजीच्या गेममध्ये जो पिंग (नेटला लागणारा उशीर) जीव घेतो तो इथं सहज खपतो. तरी फार अडकत असेल तर वर्ल्डची (गेमच्या वेगवेगळ्या सर्व्हरची) यादी उघडा, दोन-तीन देशांचे वर्ल्ड बदलून पाहा आणि हलका चालणारा धरून ठेवा. यादीत पीव्हीपी (खेळाडू विरुद्ध खेळाडू) लिहिलेले वर्ल्ड टाळा, तिथं बहुतेक ठिकाणी कोणीही मारू शकतो. पहिली डाउनलोड वायफायवर करा, नंतर रोजच्या पॅकवर आरामात भागतं.

बारीक अडचणी भराभर सांगतो. माणूस हळू चालतो म्हणजे धावायची ताकद संपली आहे. नकाशाशेजारचं बुटाचं चिन्ह पाहा, आणि पिशवीतलं वजन कमी करा. तलवार हाती येत नाही म्हणजे अटॅकची लेव्हल कमी आहे. तलवारीच्या धातूप्रमाणे स्टीलला 5, मिथ्रिलला 20, रूनला 40 लागतं. कुऱ्हाड हाती धरता आली नाही तरी लाकूडतोडीची लेव्हल असली तर पिशवीत ठेवून चालते. निळा शून्य दिसतो म्हणजे वार लागला नाही, फोन बिघडलेला नाही.

99 च्या मागे धावणं, ऑटोक्लिकर लावणं

एका स्किलला 99 ही सगळ्यात वरची लेव्हल गाठायला 1 कोटी 30 लाख 34 हजार 431 एक्सपी लागतात. 92 ला पोचलात तरी जेमतेम अर्धं अंतर झालेलं असतं. हा आकडा ऐकून कोणी गेम सोडतं, कोणी आपोआप क्लिक करणारं ॲप टाकून फोन उशाशी ठेवून झोपतं. असं ॲप लावणाऱ्याची आयडी बंद होते. खऱ्या पैशानं गेममधलं सोनं घेणाऱ्याचीही तीच गत. 99 हे नव्या माणसाचं काम नाही. ड्रॅगन मारायची क्वेस्ट फुकटात आहे, तिला 32 क्वेस्ट पॉइंट (क्वेस्ट पूर्ण केल्यावर मिळणारे गुण) लागतात. ते गोळा करता करता अख्खा फुकटचा नकाशा पाहून होतो. पहिलं उद्दिष्ट म्हणून मला याहून चांगलं काही सुचत नाही.

पहिल्याच आठवड्यात मेंबरशिप घेणं

मोठा नकाशा पाहून मोह होतो, त्यात शेतीचं स्किल मेंबरांनाच आहे हे कळलं की आपल्याकडची पोरं हमखास वडिलांच्या यूपीआयकडं पाहतात. थांबा. फुकटच्या भागात महिनोन् महिने पुरेल इतकं आहे, आणि ते न आवडल्यास मेंबरशिपनं आवडेल असं नाही. पुढं घ्यायचीच झाली तर गेममधल्या कमाईतून ग्रँड एक्स्चेंजवर बॉन्ड (मेंबरशिपसाठी वापरायची वस्तू) विकत घेता येतो. एका बॉन्डची मेंबरशिप 14 दिवस चालते आणि तुम्ही खेळा न खेळा, ते दिवस मोजले जातात. वेचणीच्या किंवा परीक्षेच्या दिवसांत तो वापरू नका. घेऊन बँकेत ठेवा आणि सलग मोकळे दिवस दिसले की चालू करा.