टेस्ट आधी फेल होताना बघा: रनसीच्या इंटिग्रेशन टेस्ट लिहिताना

डॉकर वापरताना कंटेनर, म्हणजे बाकी सिस्टिमपासून वेगळा ठेवून चालवलेला प्रोग्रॅम, प्रत्यक्ष सुरू करण्याचं काम सगळ्यात खाली बसलेला रनसी हा छोटा प्रोग्रॅम करतो. 2015 मध्ये डॉकरने तो ओपन कंटेनर इनिशिएटिव्हकडे, म्हणजे कंटेनरची मानकं ठरवणाऱ्या गटाकडे, सोपवला. ओपन सोर्सची सुरुवात मी त्याच्या इंटिग्रेशन टेस्टपासून, म्हणजे अख्खा प्रोग्रॅम खरोखर चालवून तपासणाऱ्या टेस्टपासून केली, आणि नवीन येणाऱ्यांनीही तिथूनच करावी असं मला मनापासून वाटतं. टेस्ट वाचताना प्रोग्रॅम काय करतो ते आपोआप कळत जातं.

या टेस्ट बॅट्स या टेस्टच्या साधनात लिहिल्या आहेत, म्हणजे मुळात बॅश, लिनक्सच्या टर्मिनलची भाषा. बॅश येत असेल तर पहिल्याच दिवशी वाचता येतात. बिझीबॉक्सचं (लिनक्सच्या नेहमीच्या कमांडचा आटोपशीर संच) छोटं बंडल, म्हणजे कंटेनरच्या फाइल आणि कॉन्फिग असलेलं फोल्डर, तयार करायचं, कॉन्फिग बदलायचा, कंटेनर चालवायचा, निकाल तपासायचा, शेवटी टीअरडाउन या साफसफाईच्या फंक्शनमध्ये सगळं आवरायचं.

पहिल्यांदा मी सगळ्या टेस्ट चालवणारी ‘सुडो मेक लोकलइंटिग्रेशन’ ही कमांड थेट लॅपटॉपवर चालवली आणि कंटाळून मध्येच कंट्रोल-सी दाबलं. अर्धवट कंटेनर आणि माउंट मागे राहिले, ते निस्तरण्यात संध्याकाळ गेली. रूट म्हणून चालणाऱ्या या टेस्ट वेगळ्या व्हीएममध्येच (आभासी मशीनमध्येच) चालवा. ‘मेक इंटिग्रेशन’ ही कमांड याच टेस्ट डॉकरच्या कंटेनरमध्ये चालवते, पण कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) तुमच्याच मशीनचा राहतो, हे विसरू नका. आणि दर वेळी सगळ्या टेस्ट कशाला? टेस्टपाथ या व्हेरिएबलमध्ये एका फाइलचं नाव दिलं की तेवढीच चालते.

आता मुख्य गोष्ट. कंटेनर डिलीट केल्यावर त्याची सी-ग्रुपची (कंटेनरने किती मेमरी, सीपीयू वापरावा हे ठरवणारी कर्नलची सोय) डिरेक्टरी उरत नाही, हे तपासणारी टेस्ट मी लिहिली. ती पहिल्याच झटक्यात पास झाली आणि मी खूश. रिव्ह्यू करणाऱ्यांनी एवढंच सांगितलं, “डिलीटची ओळ काढून चालवून बघा.” काढली. तरीही पास!

चूक एका उद्गारचिन्हात होती. ‘डिरेक्टरी नाही’ असं तपासायला मी कमांडच्या आधी ते लावलं होतं. बॅट्स बॅशच्या ‘सेट -ई’वर, म्हणजे कमांड फसली की तिथेच थांबण्याच्या सेटिंगवर चालतं, आणि उद्गारचिन्हाने उलटवलेली कमांड फसली तरी ‘सेट -ई’ थांबत नाही. ती टेस्टची शेवटची ओळ असेल तरच टेस्ट फेल होते. माझी मध्ये होती. कमांड चालवून तिचा निकाल साठवणाऱ्या बॅट्सच्या ‘रन’चंही तसंच: आतली कमांड फसली तरी साधं ‘रन’ पुढे जातं. टेस्टमधलं ‘रनसी’ हे फंक्शन आतून ‘रन’च वापरतं, म्हणून त्याच्यानंतर स्टेटस तपासलाच पाहिजे. तेव्हापासून मी आधी कोड मुद्दाम मोडते, टेस्ट फेल झालेली डोळ्यांनी बघते आणि मगच पॅच पाठवते.

निकाल वाचतानाही घाई नको. टेस्टमधल्या ‘रिक्वायर्स’ या ओळीने मागितलेली गोष्ट मशीनवर नसेल तर टेस्ट गाळली जाते, पण ओळीची सुरुवात ‘ओके’नेच होते, ‘स्किप’ हा शब्द पुढे असतो. फेडोरा या लिनक्सने 31 व्या आवृत्तीपासून, 2019 मध्ये, सी-ग्रुपची नवी पद्धत व्ही2 (जुनी ती व्ही1) डिफॉल्ट केली. अशा मशीनवर व्ही1 च्या टेस्ट गाळल्याच जाणार. म्हणून माझ्याकडे दोन व्हीएम असतात, एक व्ही1 ची, एक व्ही2 ची, आणि पॅच पाठवण्याआधी दोन्हीकडच्या ‘स्किप’ ओळी मी ग्रेपने काढून वाचते.