प्रवासातल्या अनोळखी माणसांच्या गमती कशा टिपाव्यात

बसमध्ये किंवा रेल्वेत दाराजवळची, पण वाटेत न येणारी जागा धरा. चढणं-उतरणं, सामान सरकवणं, ‘जरा सरका’ची घासाघीस ही सगळी धांदल तिथेच चालते. टक लावून पाहू नका. अंधार पडल्यावर खिडकीच्या काचेत आतली माणसं आपोआप दिसतात.

नोंद मोबाइलवर करा. वही काढली की शेजारचा डोकावतो. एका प्रसंगाला दोन ओळी पुरतात: माणूस काय करत होता आणि नेमकं काय बोलला. शब्द लगेच लिहा, कारण दोन थांबे उलटले की बोलण्याचा ठसका जातो आणि नुसता सारांश उरतो. ‘विचित्र माणूस’ असं लिहिलं की गंमत मेलीच. ‘फोनवर “पोचलोच” म्हणाला, गाडी अजून सुटायची होती’, यात मात्र सगळं आलं. हसू येतं ते म्हणणं आणि करणं यांतल्या फटीतून. रूप, कपडे, व्यंग यांवरचं हसू हलकं, ते टाळाच.

फोटो नको, रेकॉर्डिंग तर नकोच. पुढे कुणाला सांगताना वेळ, मार्ग, ओळख पटेल अशी खूण बदलून टाका. बोललेलं वाक्य तेवढं जसंच्या तसं ठेवा.