थर्मामीटर काखेत, वजनकाटा पायाखाली

अंग किती तापलंय ते थर्मामीटर सांगतो. शरीर उष्णता किती तयार करतंय, ते त्याला कळत नाही. नववीच्या पोरांना हा फरक फळ्यावर समजावला की माना डोलतात आणि पेपरात गोंधळ होतो, म्हणून मी घरी मोजायलाच लावते. डिजिटल थर्मामीटर हवा आणि निदान शंभर ग्रॅमचा फरक दाखवणारा वजनकाटा.

थर्मामीटर आधी. काख टिपून कोरडी करा, घामट काखेत आकडा कमी येतो. टोक अगदी खोलगट भागात, कातडीला लागून; मध्ये बनियन नको. दंड छातीशी घट्ट धरून बीप वाजेपर्यंत बसा. तोंडात ठेवणार असाल तर चहानंतर अर्धा तास जाऊ द्या. एकदा पहाटे मोजा, एकदा संध्याकाळी पाचच्या सुमारास. धडधाकट माणसातही अर्धा अंश सेल्सिअसचा फरक सहज पडतो. संध्याकाळी 99 फॅरनहाइट दिसलं की गोळी शोधायला धावणाऱ्या आयांनी हे जरूर करून बघावं.

आता उष्णता. बसल्या जागी ती मुख्यतः यकृत, मेंदू, हृदय, मूत्रपिंडं आणि स्नायूंमधून येते. चालायला लागलात की स्नायू पुढे सरसावतात. खर्चलेल्या ऊर्जेतली फार तर पाव हिस्सा कामी येते, बाकीची उष्णता होते. दिवसाला 2000 किलोकॅलरी खाऊन वजन स्थिर असेल, तर 2000 ला 4184 ने गुणा (एका किलोकॅलरीत तेवढे जूल) आणि दिवसाच्या 86,400 सेकंदांनी भागा. सुमारे 97 वॅट! साठ पोरांच्या वर्गात प्रत्येकी 75 धरले तरी साडेचार किलोवॅट होतात, म्हणजे दीड किलोवॅटच्या तीन विजेच्या शेगड्या. मधल्या सुट्टीनंतर वर्ग का उबतो, ते सांगायला नको.

1782-83 च्या हिवाळ्यात पॅरिसला लाव्हाझिए आणि लाप्लास या शास्त्रज्ञांनी गिनीपिग बर्फाने वेढलेल्या भांड्यात ठेवून, वितळलेल्या पाण्यावरून त्याची उष्णता मोजली होती. आजकाल श्वासातला ऑक्सिजन मोजतात. एक लिटर वापरला की साधारण 4.8 किलोकॅलरी. आपल्याकडे यातलं काही नाही, पण घाम आहे.

सकाळी लवकर, गार हवेत, लघवीला जाऊन या आणि कपड्यांसकट वजन करा. तासभर झपाझप चाला. परत त्याच कपड्यांत, घाम पुसलेल्या रुमालासकट काट्यावर. कपडे बदलायचे नाहीत, कारण शर्टात मुरलेला घाम उडालेला नाही, त्याने तुम्हाला गार केलेलं नाही. घटलेले ग्रॅम गुणिले 0.58, एवढ्या किलोकॅलरी बाष्पीभवनाने बाहेर गेल्या. 400 ग्रॅम घटले तर 232, तासाच्या सरासरीने 270 वॅट. श्वासातून जाणारी वाफ यातच धरली जाते. काही उष्णता हवेलाही थेट जाते, ती या हिशेबात येत नाही.

आमच्या रत्नागिरीत मे महिन्यात शर्ट पिळून निघतो आणि काटा फारसा हलत नाही. नागपूरच्या कोरड्या उन्हात घाम दिसतच नाही, वजन मात्र भराभर उतरतं. पण तिथे दुपारी हे करू नका: हवा कातडीपेक्षा गरम असली की घाम बाहेरून आलेली उष्णताही उपसत असतो, आकडा फसवा येतो. शिवाय उष्माघाताची भीती. तहान लागली तर खुशाल पाणी प्या, फक्त बाटली दोन्ही वेळा हातात धरून काट्यावर चढा.